शेवटचा शब्द बाईंचा

त्यांचं खरं आडनाव कचेरीत कोणालाच धड आठवत नसे. पगाराच्या दिवशी ते पुकारलं गेलं की दोन-चार माना वळायच्या, ‘हा कोण नवा माणूस?’ अशी कुजबूज व्हायची, आणि शेवटी मथळेच उठून गेले की लोकांना उलगडा व्हायचा.

सायंदैनिकात बातमी आणणारे वेगळे, लिहिणारे वेगळे, पानं लावणारा वेगळा. पण बातमी कोणाचीही असो, तिच्या डोक्यावर कोणती टोपी चढवायची, हे एकच माणूस ठरवायचा. म्हणून तो मथळे. ‘दुसऱ्यांच्या बातम्यांच्या डोक्याची काळजी करता करता स्वतःच्या डोक्याकडे बघायचं राहूनच गेलं,’ असं ते टकलावरून हात फिरवत सांगायचे.

गावातलं मनोऱ्यावरचं घड्याळ बंद पडलं आणि दुरुस्तीवाले रोज नवं कारण सांगू लागले, तेव्हा मथळेंनी लिहिलं, ‘घड्याळ बंद, दुरुस्तीवाल्यांचं वेळ मारून नेणं चालू’. दंतवैद्यांच्या सभेत खुर्च्या उडाल्या त्या दिवशी, ‘दंतवैद्यांचा दातओठ खाण्याचा कार्यक्रम उत्साहात’. एक बडे अधिकारी स्वतःच्याच कचेरीतल्या लिफ्टमध्ये अडकले, तर, ‘साहेब लिफ्टमध्ये अडकले, कामं नेहमीप्रमाणे अधांतरी’. लोक अंक विकत घेत, मथळा वाचत, हसत, आणि अंक घडी करून बगलेत मारत. खालची बातमी कोणी वाचतच नाही, अशी बातमीदारांची कायमची तक्रार होती. मथळे म्हणायचे, ‘अरे, टोपी बघून माणूस ओळखता येत असेल, तर बूट कशाला बघायचे?’

गाव असं हसायचं खरं, पण मथळेंची खरी परीक्षा दुपारी घरी व्हायची. सायंदैनिक असल्यामुळे त्यांचं काम पहाटे सुरू होऊन दुपारी संपायचं, आणि शाईचा वास असलेला अंक आणि उद्याच्या मथळ्यांचा कच्चा कागद घेऊन ते घरी यायचे. घरात बाई असायच्या. बाई म्हणजे त्यांची बायको. जन्मभर गणित शिकवल्यामुळे शेजारीपाजारी, दूधवाला, वाणी सगळे त्यांना बाई म्हणत, आणि कंटाळून मथळेही बाईच म्हणू लागले होते. बाई चष्मा लावायच्या, पेन्सिल उचलायच्या आणि परीक्षेचा पेपर तपासावा तसं दोन्ही तपासायच्या.

‘हे मागच्या वर्षी केलंत.’

‘यात एक शब्द जास्त आहे.’

‘ज्याचं दुकान जळलं, त्याने हे वाचलं तर?’

शेवटचा प्रश्न आला की मथळे कच्च्या कागदावरचा तो मथळा खोडून टाकायचे. कारण बाई नसत्या तर आपण गावातल्या निम्म्या लोकांना दुखावलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. एखादा मथळा खरंच जमला असेल, तर बाई हसत नसत. पेन्सिल नुसती बाजूला ठेवत. मथळेंना गावभरच्या हशापेक्षा ती पेन्सिल बाजूला ठेवल्याचा आवाज जास्त गोड वाटायचा.

मग एका सकाळी बटाटे सोलता सोलता बाईंच्या हातातला बटाटा खाली पडला. त्या तो उचलायला वाकल्या आणि उठल्याच नाहीत. मेंदूला झटका आला होता. दवाखान्यात बरेच दिवस गेले. पाय सावरला, हातही बऱ्यापैकी सावरला. सावरली नाही ती वाचा. डॉक्टर म्हणाले, ‘त्यांना सगळं कळतंय. शब्दही आत आहेत. फक्त बाहेर यायचं दार सापडत नाहीये.’

मथळेंना हे पटकन कळलं. ऐन वेळी शब्द न सापडणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? पण त्यांना सापडला नाही तर अंक उशिरा निघायचा, एवढंच. इथे अख्खं घर थांबलं होतं.

मथळे कामावर असताना बाईंच्या सोबतीला त्यांची नणंद, म्हणजे मथळेंची थोरली बहीण येऊन राहिली. ती बोलायला लागली की घड्याळही टिकटिक करायला बिचकायचं. ‘आम्हा भावंडांची वाटणी लहानपणीच झाली,’ मथळे सांगायचे. ‘मी मथळा द्यायचा, ताईने सविस्तर वृत्त.’ ताई बाईंशी बोलायची, बाईंच्या वतीने उत्तरही द्यायची, आणि ते उत्तर पटलं नाही तर त्यावर वादही घालायची. बाई खिडकीशी बसून दोन्ही बाजू ऐकत राहायच्या.

आठवड्यातून दोनदा वाक्-उपचारतज्ज्ञ यायची. मथळे पहिल्याच दिवशी तिला म्हणाले, ‘ज्यांची वाचा गेलीय, त्यांच्याच घरी यायचं आणि हुद्द्याचं नाव असं की धडधाकट माणसाची जीभ अडखळावी! हा कुठला न्याय?’ ती हसली. त्यांनी तिचं नाव ‘बोलकी’ ठेवून टाकलं.

बोलकीने म्हणींपासून सुरुवात केली. ‘काकू, नाचता येईना...’ म्हणून ती थांबली.

बाईंचे ओठ हलले. आणि अगदी स्वच्छ आवाजात त्या म्हणाल्या, ‘अंगण वाकडं.’

ताईने टाळ्या पिटल्या. मथळेंचे डोळे भरून आले. ‘दिव्याखाली...?’ ‘अंधार.’ ‘उथळ पाण्याला...?’ ‘खळखळाट फार.’ मथळे उठून बोलकीला नमस्कारच करणार होते. पण तिने त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि हळू आवाजात सांगितलं, ‘काका, एवढ्यात पेढे वाटू नका. हे काकू बोलत नाहीयेत, म्हण बोलतेय. पाठांतर वेगळ्या कप्प्यात असतं. काकूंचा स्वतःचा, मनातून आलेला एक शब्द यायला हवा. एक आला की मागून दुसरे येतात.’

‘आणि नाही आला तर?’

‘अजून थोडे दिवस बघू. नाहीतर मग चित्रांची पाटी. पाणी हवं तर पेल्यावर बोट, झोप आली तर पलंगावर. पुष्कळांना तिचा आधार होतो.’

ती पाटी बोलकीने नमुन्यादाखल बाईंना दाखवली. बाईंनी पेला पाहिला, पलंग पाहिला, आणि पाटी पालथी घातली. ज्या बाईने पोरांना भूमितीची प्रमेयं सिद्ध करायला लावली, तिने आता पेल्यावर बोट ठेवून तहान सिद्ध करायची? मथळेंना त्या पालथ्या पाटीचा अर्थ कळला. त्याच दिवशी त्यांनी कंबर कसली.

त्यांचा विचार असा होता : म्हणी साऱ्या गावाच्या, मथळा मात्र आपल्या घरचा. तेव्हा बाईंना मथळाच द्यावा. ते रोज कचेरीत आपला मथळा लिहायचे, त्याची नक्कल करायचे, नकलेतला शेवटचा शब्द उडवायचे, आणि ती शेपूटतुटकी चिठ्ठी खिशात घालून घरी आणायचे. बाईंनी शेवटचा शब्द सांगायचा.

बेत झकास होता. अडचण एकच, तो मथळेंनी आखला होता. मथळा लिहिणाऱ्या माणसाला रिकामी जागा सहन होत नाही. ओळीत अक्षराएवढी फट राहिली तरी त्याचा जीव वरखाली होतो. मथळे चिठ्ठी बाईंसमोर धरायचे, बाई बघायच्या, कपाळाला आठ्या पडायच्या, ओठ थोडेसे उघडायचे, आणि मथळे ओरडायचे, ‘अधांतरी! अगं, अधांतरी!’

बाई तोंड मिटून घ्यायच्या.

‘काका,’ बोलकी कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘पेशंट कोण आहे?’

‘मी काय केलं?’

‘तुम्ही काकूंचं वाक्य तोडून खाताय. त्या दारापर्यंत येतात आणि तुम्ही आतून कडी लावता.’

‘मग मी काय करू? तोंड शिवून घेऊ?’

‘चहा प्या. घोट घ्यायचा आणि गिळायचा नाही. शब्द येईपर्यंत तोंडातच धरायचा.’

तेव्हापासून मथळेंचा दुपारचा चहा म्हणजे उपचाराचा भाग झाला. गाल फुगवून, चिठ्ठी हातात धरून ते बाईंकडे बघत बसायचे. ताई म्हणायची, ‘अगं बाई, सांग गं एकदाचं, नाहीतर माझा भाऊ चहात बुडून मरेल.’ पण बाई चिठ्ठीकडे बघायच्या, मग नवऱ्याच्या फुगलेल्या गालांकडे बघायच्या, आणि मान खिडकीकडे वळवायच्या. चहा तोंडात गार व्हायचा आणि मथळे तो कडू औषधासारखा गिळायचे.

शेवटी बोलकीने सांगितलं, की आता पुढच्या खेपेपासून आपण पाटी शिकवायला घेऊ. ती येणार त्याच्या आदल्या दिवशी मथळे कचेरीत गेले ते असं डोकं घेऊन, की त्यात एकच विचार मावत होता. आज आपली चिठ्ठी चांगली हवी. आज बाई बोलायला हव्यात.

त्या दिवशीची मोठी बातमी नदीवरच्या पुलाची होती. पूल कित्येक वर्षं होणार होता आणि कित्येक वर्षं होत नव्हता. मथळेंनी लिहिलं, ‘नवा पूल यंदाही नाही, लोकांच्या तोंडाला पुन्हा पानं’. मग नक्कल केली, नकलेतलं ‘पानं’ उडवलं. एक चिठ्ठी पानमास्तरांकडे दिली, एक खिशात घातली. पानमास्तर म्हणजे पानं लावणारे गृहस्थ. मथळेंच्या मथळ्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता होता.

अंक छापून आला. पहिल्या पानावर, बोटभर जाड अक्षरांत, ‘नवा पूल यंदाही नाही, लोकांच्या तोंडाला पुन्हा’. आणि पुढे पांढरंस्वच्छ मैदान.

मथळेंनी खिशात हात घातला. खिशातली चिठ्ठी पूर्ण होती.

‘अहो, विचारायचं तरी!’ ते पानमास्तरांवर ओरडले.

‘मला वाटलं, तुमची काहीतरी गंमत आहे,’ पानमास्तर म्हणाले. ‘म्हटलं, यामागे डोकं असेल.’

‘डोकंच होतं! शेपूट राहिलं!’

तोवर फोन सुरू झाले. कोणी म्हणालं, ‘पुन्हा काय? चुना का?’ कोणी म्हणालं, ‘तुम्हाला लिहायची भीती वाटली ना? आम्ही समजलो.’ एका वयस्कर सद्गृहस्थांनी असा शब्द सुचवला, की फोन घेणाऱ्या मुलीने रिसीव्हर थोडा वेळ गार व्हायला ठेवला. संपादक खोलीतून बाहेर आले. हा माणूस रागावला की आवाज चढवत नसे, उतरवत असे.

‘मथळे,’ ते जवळजवळ कुजबुजले, ‘उद्या आपल्याला माफी छापायची आहे. तिलाही मथळा लागेल. घरी जाऊन विचार करा.’

इतक्या वर्षांत मथळेंनी विनोद पुष्कळ केले होते, पण ते स्वतःच विनोद झाले होते ते आज पहिल्यांदा. घरी जाताना त्यांनी अंक कोटाच्या आत लपवला. दारातच ताई उभी. ‘अरे, वाण्याकडे सगळे हसतायत! म्हणतायत, तुझा शब्द नदीत वाहून गेला. पूल नाही ना, म्हणून पलीकडे पोचलाच नाही! दाखव, दाखव!’ आणि तिने कोटातून अंक ओढून घेतला, बाईंच्या पुढ्यात पसरला, आणि चहाचा कप भावाच्या हातात कोंबला.

मथळेंनी सवयीने घोट घेतला. खुर्चीत बसले. आज विचारायला चिठ्ठी नव्हती, विचारायची इच्छाही नव्हती. घोट आपला नुसताच तोंडात राहिला.

बाईंनी चष्मा लावला. मथळा वाचला. पुन्हा वाचला. पांढऱ्या मैदानावरून बोट फिरवलं, पलीकडच्या कडेपर्यंत नेलं, परत आणलं. कपाळाला आठ्या पडल्या. वर्गात शेवटच्या बाकावर कोणी कुजबुजलं की पडायच्या, त्या आठ्या. मग त्यांनी ते बोट त्या रिकाम्या जागेवर टेकवलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या,

‘चूक.’

चहा पहिल्या पानावर सगळीकडे उडाला.

‘काय म्हणालीस?’

‘चूक,’ बाई म्हणाल्या. या वेळी जरा जोरात. मथळेंच्या गलथानपणाचा त्यांना खरोखर राग आला होता. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण बोललो. त्यांनी ओठांवर हात ठेवला. आणि हाताआडून तिसऱ्यांदा, अगदी हळू, चव घेतल्यासारखं म्हणाल्या, ‘चूक.’

ताई गप्प होती. बाईंचं बोलणं जितकं मोठं नवल, तितकंच हेही.

‘चूक! बरोबर! चूकच!’ मथळे खोलीभर नाचायला लागले. ‘ताई, ऐकलंस? माझी चूक झाली! भयंकर चूक झाली!’ जन्मात कोणी आपल्या नालायकीची दवंडी इतक्या आनंदाने पिटली नसेल.

दुसऱ्या दिवशी बोलकी पाटी घेऊन आली. ताईने तिला दारातच सविस्तर वृत्त दिलं. बोलकी ऐकत राहिली आणि मग हसून म्हणाली, ‘काका, आपण काकूंना विद्यार्थी केलं होतं. गाळलेल्या जागा भरा! त्यांनी आयुष्यात कधी गाळलेल्या जागा भरल्यात? त्यांनी तपासलंय.’

पाटी पिशवीतून बाहेर आलीच नाही. त्या संध्याकाळच्या अंकात माफी होती, आणि मथळेंच्या उभ्या कारकिर्दीतला सर्वांत आखूड मथळा होता : ‘चूक’. संपादकांनी विचारलं, ‘एवढंच?’ मथळे म्हणाले, ‘साहेब, याच्यापुढे एक अक्षर वाढवलंत तर मी राजीनामा देईन.’

मग त्या घरात चुकांचा सुकाळ झाला. मथळे मुद्दाम वाईट मथळा लिहून आणायचे. आणि उत्तम लिहिणाऱ्याला वाईट लिहिताना किती घाम फुटतो, हे त्यांना तेव्हा कळलं. बाई वाचायच्या आणि म्हणायच्या, ‘लांब.’ किंवा ‘जुनं.’ एकदा तर नुसतंच ‘शी!’ म्हणाल्या, आणि मथळेंनी तो मथळा चौकट करून लावायचं मनावर घेतलं होतं. काही दिवस कोरडेही जायचे. शब्द ओठांपर्यंत येऊन परत फिरायचा, बाई हातातली उशी फेकून द्यायच्या. मग मथळे उशी उचलून आणायचे, आणि जागा रिकामी राहू द्यायचे. हे काम त्यांना अजून जड जायचं, पण जमू लागलं होतं.

ताईनेही हातभार लावला. तिने एक लांबलचक गोष्ट मुद्दाम चुकवायला घेतली. ‘तर तुझ्या लग्नात मी ती हिरवी साडी नेसले होते...’

‘निळी,’ बाई म्हणाल्या.

‘हिरवीच गं!’

‘निळी. डाग... पडला. रडलीस.’

ताईचा चेहरा पडला, कारण डागाची आठवण खरी होती आणि रडण्याचीही. पण मग तिने बाईंना मिठी मारली आणि ती पुन्हा रडली, या वेळी साडीवर डाग नसताना.

महिने लोटले. शब्दांची वाक्यं होऊ लागली, तुटक, मध्ये दम खाणारी, पण बाईंची स्वतःची. बोलकी आता आठवड्यातून एकदाच यायची, आणि तीही निम्मा वेळ वादातला पंच म्हणून.

अशाच एका दुपारी मथळे उड्या मारत घरी आले. गावातल्या सलूनवाल्यांनी दर वाढवायचं ठरवलं होतं आणि ती बातमी उद्याच्या अंकात जायची होती. ‘बाई, आज मुद्दामचं काही नाही. हा खराखुरा आहे, कसून लिहिलेला. ऐक. “केसांआधी खिशाला कात्री!”’ आणि ते पेन्सिलीकडे बघत उभे राहिले.

बाईंनी पेन्सिल बाजूला ठेवली नाही. ‘जुनं,’ त्या म्हणाल्या.

‘जुनं कसं? वाटेत सुचलंय!’

‘सुचलं... आज. लिहिलं... मागे. दर वाढले... तेव्हा.’

मथळेंनी आठवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ‘बरं, मग दुसरा. “सलूनवाल्यांकडून बिनपाण्याने”!’

‘त्यांना... पोरं आहेत,’ बाई म्हणाल्या. ‘वाचतील.’

मथळे खाली बसले. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याची मुलगी शाळेत रोज त्यांच्या घरासमोरूनच जायची, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ‘खरं आहे,’ ते म्हणाले. ‘मग तूच सांग.’

आणि ते थांबले. तोंडात चहा नव्हता, काही नव्हतं. खोलीत ती रिकामी जागा होती आणि ते तिच्याकडे स्वस्थ बघत बसले. ताईने तोंड उघडलं आणि आपण होऊन मिटलं. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. बाईंचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

‘सलूनचे... दर... वाढले,’ बाई म्हणाल्या.

मथळे वाट बघत राहिले. ‘पुढे?’

‘बस.’

‘पण यात गंमत कुठे आहे?’

‘दर वाढले,’ बाई ठामपणे म्हणाल्या. ‘त्यात... गंमत... कसली?’

ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. मथळेंनी कागद ओढला, वर लिहिलं, ‘सलूनचे दर वाढले’, आणि एकही काना-मात्रा न बदलता दुसऱ्या दिवशी तो पानमास्तरांच्या हातात ठेवला. पानमास्तरांनी कागद उलटून मागे काही आहे का बघितलं, आणि धूम संपादकांकडे पळाले.

संपादक कागद घेऊन बाहेर आले. ‘मथळे,’ त्यांनी काळजीने विचारलं, ‘तब्येत बरी नाही का?’

‘साहेब,’ मथळे म्हणाले, ‘घरात सगळ्यांची झकास आहे.’